रस्त्यावर माणशी किती जागा?

मीरा रोडच्या शांतीनगरात जुनी बुटकी इमारत पाडून टॉवर उभा राहू लागला की सगळे मान वर करून बघतात. खालचा रस्ता मात्र तोच आणि तेवढाच रुंद राहतो. या खालच्या रस्त्याचं गणित ज्याने मांडलं, तो माणूस पेशाने धरणांचा आणि पुलांचा अभियंता होता, याचं मला अजूनही नवल वाटतं.

शिरीष पटेल यांचा जन्म १९३२ चा. केंब्रिजला शिकले, आफ्रिकेत झांबेझी नदीवरच्या करिबा धरणावर आणि मग आपल्या कोयनेवर काम केलं, पुढे मुंबईत स्वतःची सल्लागार संस्था काढली. केम्प्स कॉर्नरचा १९६५ चा उड्डाणपूल त्यांनी आखलेला. एवढ्यावर एखाद्याची कारकीर्द सुखाने पार पडली असती. पण त्याच वर्षी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि पटेल या तिघांनी ‘मार्ग’ मासिकात मांडलं, की मुंबईला उत्तरेकडे लांबत जाऊ देऊ नका, खाडीपलीकडे नवं शहर वसवा. हा सल्ला कुणी मागितलेला नव्हता, त्याची फी कुणी देणार नव्हतं. तरी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईच्या सुरुवातीच्या आखणीची धुरा पटेलांच्याच खांद्यावर आली.

मुंबई उत्तरेकडे लांबायची ती लांबलीच. दहिसर नाक्यापलीकडे घरं स्वस्त होती, लोकल होती, मग मिठागरांच्या आणि भातशेतीच्या गावांत सोसायट्या उठल्या. मीरा-भाईंदरचं क्षेत्रफळ सुमारे ७९ चौरस किलोमीटर. त्यातला मोठा भाग डोंगर, खारफुटी आणि मिठागरं. २०११ च्या जनगणनेत इथे ८ लाख ९ हजार माणसं मोजली गेली, आणि ती बहुतेक उरलेल्या सपाटीवर राहत होती.

आता पटेलांचं गणित. दाटी म्हटलं की आपण एफएसआयबद्दल बोलतो: प्लॉटच्या किती पट बांधकाम. पटेल म्हणत, बांधकामावरून गर्दी कळत नाही. त्यात किती माणसं राहतात आणि ती खाली उतरली की त्यांना किती रस्ता मिळतो, ते बघा.

करून बघू. एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन घ्या. त्यातले २,५०० चौरस मीटर रस्ते, ७,५०० चौरस मीटर प्लॉट. एफएसआय २ धरला तर १५,००० चौरस मीटर बांधकाम. घरं ऐसपैस असतील, माणशी ३० चौरस मीटर, तर तिथे ५०० माणसं राहतील आणि रस्त्यावर प्रत्येकाच्या वाट्याला ५ चौरस मीटर येतील. तेच बांधकाम वन रूम किचनच्या हिशेबाने, माणशी १० चौरस मीटर वाटलं, तर माणसं १,५०० आणि रस्ता माणशी पावणेदोन चौरस मीटरपेक्षाही कमी. एफएसआय तोच, इमारतीची उंची तीच! आता ती सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, एफएसआय ४ झाला आणि घरं तेवढीच लहान राहिली, तर ३,००० माणसं. रस्ता माणशी ०.८३ चौरस मीटर. दोन वर्तमानपत्रं उघडून शेजारी अंथरली तर साधारण एवढीच जागा होते. त्यातच रिक्षा, भाजीची गाडी, शाळेची बस आणि पार्क केलेल्या मोटारी.

मॅनहॅटनमध्ये गगनचुंबी इमारती असूनही माणूस रस्त्यावरून मोकळा चालतो, कारण तिथे माणशी घर मोठं आहे आणि जमिनीतला रस्त्यांचा वाटाही भरपूर आहे. आपल्या काळबादेवी-भुलेश्वरकडे इमारती त्यामानाने ठेंगण्या, पण रस्त्यावर खांद्याला खांदा लागतो. पटेलांनी हे मुद्दे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये मांडले. ‘लाइफ बिटवीन बिल्डिंग्ज’ हा लेख २०१३ चा, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात केवढी दाटी होईल, यावरही त्यांनी लिहिलं. कचेरीबाहेरचा वेळ एखादा माणूस अनोळखी लोकांच्या चालण्याच्या जागेसाठी खर्च करतो, हे मला त्यांच्या पुलांइतकंच मोठं काम वाटतं. २०२४ च्या डिसेंबरात ते गेले.

त्यांच्या नजरेने मेट्रो ९ चा मार्ग बघण्यासारखा आहे. मीरा-भाईंदर रस्त्यावर काही ठिकाणी एकाच खांबांच्या रांगेवर खाली उड्डाणपूल आणि त्याच्या वर मेट्रो आहे. म्हणजे घरांप्रमाणे रस्त्यालाही मजले चढले. रस्त्याची जागा अशी वाढवता येते, हे खरंच थक्क करणारं आहे. पण मेट्रोतून उतरलेला माणूस जिन्याने शेवटी जुन्याच फुटपाथवर येतो, आणि तो फुटपाथ ताणून रुंद होत नाही.

रिडेव्हलपमेंटच्या सभेत कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडं आणि पार्किंग यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्यात हा एक आकडा घालायला फार कष्ट नाहीत. गल्लीची लांबी-रुंदी पावलांनी मोजा आणि गुणाकार करा. गल्लीतल्या सगळ्या सोसायट्यांतले फ्लॅट मोजून घरटी चार माणसं धरा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. मग टॉवर झाल्यावर होणारे फ्लॅट घेऊन पुन्हा भागा, आणि दोन्ही उत्तरं सभेत वाचून दाखवा.