अंगात मुरलेला राग

वरळीच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांत सारे कुटुंब नांदत असता, रडण्यास आडोसा कोठून मिळावा? एखाद्या गृहिणीची पाठ वर्षानुवर्षे दुखते, क्ष-किरणचित्र निर्दोष येते आणि ‘ढोंग’ असा शेरा घरच्या दप्तरी दाखल होतो. वस्तुतः ती वेदना खरीच, कारण धोक्याची वर्दी देणारा मेंदू दडपलेल्या क्रोधानेही सावध होतो. परळच्या केईएम रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ डॉ. वाहियांनी पातंजल योगाधारे अशा मनोदैहिक विकारांवर उपचार योजले होते. भावनाकेंद्री उपचारात मात्र ती बाई, समोरच्या रिकाम्या खुर्चीत सासूबाई कल्पून (त्या ऐकत नाहीत हे बरेच!), गिळलेले शब्द उच्चारते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, १२६ वयोवृद्ध अमेरिकी माजी सैनिकांवरील प्रयोगात अशा उपचाराने ६३ टक्के रुग्णांची वेदना निदान ३० टक्क्यांनी उतरली. प्रचलित विचार-वर्तन उपचाराने अवघ्या १७ टक्क्यांची.