संगणकाच्या दोन भाषांतील देवघेव

म्हैसूरच्या दसऱ्याची मिरवणूक राजवाड्यापासून निघून बन्नीमंटप येथे संपते. कन्नड भाषेत शमीला बन्नी म्हणतात. तिच्या पूजेवरूनच त्या स्थळास हे नाव पडले. अज्ञातवासापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे शमीवर ठेवली व पुढे विराटपुत्र उत्तराने ती बृहन्नडेच्या सांगण्यावरून खाली काढली, ही कथा परिचित आहे. कोणते धनुष्य कोणाचे, हे उत्तरास सांगावे लागले. ठेवणारा एक व काढणारा दुसरा असला म्हणजे जागा आणि क्रम यांविषयी करार हवा. एका भाषेतील आज्ञावली दुसऱ्या भाषेतील आज्ञावलीस कामास बोलावते, तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो.

असे बोलावणे का करावे लागते? फोर्ट्रान भाषा १९५७ सालची, सी त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी आली, आणि पायथन १९९१ साली. फोर्ट्रानमधील कसोटीला उतरलेली गणिते पुन्हा नव्याने लिहिणे म्हणजे नव्या चुकांना आमंत्रण. गुरुत्वीय तरंगांचा क्षीण संकेत गोंगाटातून कसा निवडावा, यावर पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये संशोधन प्रसिद्ध केले. आज असा शोध बहुधा पायथनमध्ये मांडतात, पण आकडेमोडीचा मोठा भार आतील सी भाषेच्या आज्ञावली वाहतात.

यंत्राला भाषा कळत नाही. त्यास केवळ अंक व स्मृतीतील जागा ठाऊक. म्हणून कोणती माहिती कोठे ठेवावी याचे संकेत ठरलेले असतात. ६४ बिटांच्या प्रचलित लिनक्स संगणकावर पहिले सहा पूर्णांक प्रोसेसरमधील ठरावीक सहा रजिस्टरांत ठेवतात, उरलेले स्मृतीतील चळतीवर. सी भाषा सामान्यतः अंकच हाती देते. फोर्ट्रान मात्र तो अंक जेथे आहे तेथला पत्ता मागते. सी ने सरळ ७ दिला, तर फोर्ट्रान सातव्या जागेवर शोधू लागेल! तेथे संगणक बहुधा थांबतो, हे एक प्रकारे बरेच. कोष्टकांची चूक अधिक फसवी असते. पहिल्या ओळीत १, २, ३ व दुसऱ्या ओळीत ४, ५, ६ असे कोष्टक सी ओळीओळीने साठवते. फोर्ट्रान स्तंभास्तंभाने वाचते, म्हणून तिला पहिली ओळ १, ३, ५ अशी दिसते. कोठेही तक्रार होत नाही, फक्त उत्तर चुकते.

करारातील एखादे कलम वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिले तरी काम चालू शकते. अक्षरे देताना त्यांची संख्याही गुप्तपणे जोडून द्यावी, असा फोर्ट्रानच्या अनेक कंपायलरांचा संकेत आहे. बहुधा एकच अक्षर द्यावयाचे असल्यामुळे सी च्या अनेक आज्ञावलींनी ती संख्या दिलीच नाही. २०१९ मध्ये जीसीसी या कंपायलरच्या नव्या आवृत्तीने, ती संख्या चळतीवर ठेवलेली आहेच असे धरून, तिची जागा दुसऱ्या कामास घेतली. प्रत्यक्षात तेथे बोलावणाऱ्याची वेगळीच माहिती होती. ती पुसली गेली. संख्याशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या आर भाषेच्या कर्त्यांना हा दोष आढळला. कंपायलरमध्ये तात्पुरती तजवीज झाली, आणि आर भाषेच्या कर्त्यांनी ती गाळलेली संख्या आपल्या आज्ञावलींत ठिकठिकाणी भरण्याचे काम हाती घेतले.