अक्षरांच्या पोटातले उत्तर

अमेरिकेतील केंब्रिज शहरात एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या आवारात दर जानेवारीत ‘मिस्टरी हंट’ ही सांघिक कोड्यांची स्पर्धा भरते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ असलेल्या सोमवारच्या सुट्टीआधी, शुक्रवारी दुपारी ती सुरू होते आणि आवारात दडवलेले नाणे एखाद्या संघाच्या हाती लागेपर्यंत रात्रंदिवस चालते. १९८१ साली ब्रॅड शेफर या संशोधक विद्यार्थ्याने ती सुरू केली, तेव्हा सगळा खेळ एका कागदावर मावत होता. आता कोड्यांची संख्या शंभराच्या पुढे जाते आणि काही संघांत शंभराहून अधिक माणसे असतात. जिंकणाऱ्या संघाने पुढच्या वर्षीची सगळी कोडी रचायची असतात. याला बक्षीस म्हणावे की शिक्षा, हा प्रश्नच आहे.

या कोड्यांना सूचना नसतात. प्रश्न, चित्रे किंवा आकडे समोर ठेवलेले असतात. त्यांचे काय करायचे हे शोधणे हाच खेळाचा अर्धा भाग. शेवटी हाती यावा लागतो तो एक शब्द किंवा शब्दसमूह. सामान्य ज्ञानाचे प्रश्न त्यात भरपूर असतात, पण प्रश्नमंजूषेत उत्तर दिले की गुण मिळतो, तसे येथे होत नाही. राजधान्या, चित्रपट, खेळाडू यांची नावे शोधयंत्रावर क्षणात सापडतात, म्हणून रचणारे त्यांना कच्चा माल मानतात. संस्कृत साहित्यशास्त्रात कूटश्लोकांचे दोन प्रकार सांगितले आहेत. उत्तर श्लोकातच दडलेले असेल तर अंतर्लापिका, बाहेरून आणावे लागत असेल तर बहिर्लापिका. मिस्टरी हंटमधले चांगले कोडे दोन्ही असते: माहिती बाहेरून आणायची आणि मग तिच्या अक्षरांत शिरायचे.

मराठीतले एक साधे उदाहरण घेता येईल. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते? अंबादेवीचे मंदिर विदर्भातल्या कोणत्या शहरात आहे? काठमांडू ही कोणत्या देशाची राजधानी? उत्तरे येतात कळसूबाई, अमरावती आणि नेपाळ. पहिल्याचे पहिले, दुसऱ्याचे दुसरे आणि तिसऱ्याचे तिसरे अक्षर उचलले की ‘कमळ’ मिळते. प्रत्यक्ष स्पर्धेत कितवे अक्षर घ्यायचे हे कोणी सांगत नाही. तो आकडा प्रश्नातल्या शब्दांच्या संख्येत किंवा सोबतच्या चित्रात लपवलेला असतो. प्रश्न वर्णानुक्रमाने लावलेले दिसले, तर मुरलेले खेळाडू लगेच ओळखतात की खरा क्रम दुसरीकडे कुठेतरी आहे.

हे तंत्र रोमन लिपीला फार सोयीचे पडते. सव्वीस सुटी अक्षरे असल्यामुळे एक ते सव्वीस आकडे थेट अक्षरांत बदलता येतात, मोर्स किंवा ब्रेलमध्ये घालता येतात, उलटसुलट जुळवता येतात. देवनागरीत ‘विक्रम’चे दुसरे अक्षर ‘क्र’ धरायचे की ‘क्’, मात्रेचे काय करायचे, हे आधी ठरवावे लागेल. वरच्या उदाहरणात तिन्ही अक्षरे बिनमात्रेची निघाली, ती मुद्दाम तशी निवडली म्हणून.

संवादी कोड्यात आणखी एक पदर येतो: कोडे उलट बोलते. कधी आयोजकांपैकी कोणी फोनवर किंवा समोरासमोर एखादे पात्र होऊन प्रश्न विचारतो. अलीकडे हे काम बहुधा संगणकाचा पडदा करतो. एका प्रकारात नुसता रिकामा चौकोन दिसतो. त्यात कोणताही शब्द टाकला की काहीतरी प्रतिसाद येतो, आणि शेकडो शब्द टाकून पाहत संघ त्यामागचा नियम हुडकतो. एक जण फुलांची नावे टाकतो, दुसरा नद्यांची, तिसरा सगळ्यांचे प्रतिसाद सामायिक तक्त्यात उतरवतो. २०२१ साली महामारीमुळे पूर्ण स्पर्धा ऑनलाइन झाली. त्या वर्षी आयोजकांनी आवाराची आभासी प्रतिकृतीच उभारली होती आणि खेळाडू तिच्यात फिरत कोडी शोधत होते.

असे कोडे रचणे छापील कोड्यापेक्षा जिकिरीचे असते. खेळाडू काय टाइप करतील याचा नेम नसतो. शुद्धलेखनाचे पर्याय, समानार्थी शब्द, अर्धवट उत्तरे या सगळ्यांची आधीच सोय करावी लागते. योग्य वाटेवरच्या संघाला ‘बरोबर आहे, पुढे चला’ असे सांगावे लागते, आणि केवळ अंदाज मारत सुटणाऱ्याला काही मिनिटे रोखावेही लागते. म्हणून प्रत्येक कोडे आधी त्यातले काहीच ठाऊक नसलेल्या सहकाऱ्यांकडून सोडवून घेतात. सोडवणाऱ्यांकडेही हत्यारे असतात: न्यूट्रिमॅटिक हे साधन विकिपीडियातल्या मजकुराच्या आधारे गाळलेल्या अक्षरांचे संभाव्य शब्दसमूह सुचवते.

निघालेला शब्दही शेवट नसतो. एका गटातल्या कोड्यांची उत्तरे मिळून एक वरचे कोडे बनते, त्याला ‘मेटा’ म्हणतात. कधी दहापैकी सात उत्तरांवरच मेटा सुटतो, आणि उरलेल्या जागी कोणता शब्द बसेल याचा अंदाज येतो. तेव्हा संघ तो शब्द थेट टाकून मोकळा होतो. रचणाऱ्यांनी कित्येक महिने घासूनपुसून तयार केलेले ते कोडे त्या संघातले कोणी उघडूनही पाहत नाही.