वडील बंधूचें अन्न

लग्नामुंजीच्या पंक्तींत अळवाची भाजी नसेल तर पान अपुरें वाटतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. श्रावणांत अळवड्या होतात, ऋषिपंचमीच्या भाजींत अळूं असतें, आणि परसांत मोरीचें पाणी जेथें जिरतें तेथें त्याचे दोन-चार गड्डे कोणी न लावतांहि वाढत असतात. इतक्या सहज मिळणाऱ्या वस्तूचें कौतुक कोण करणार? परंतु या पृथ्वीवर असा एक समाज आहे कीं, तो अळवाला आपला वडील बंधु मानतो. त्या समाजाचें या वडील बंधूशीं कसें अंतर पडलें, त्यामुळें त्याच्या प्रकृतीची काय दशा झाली, आणि तो दुरावा नाहींसा करण्यासाठीं तेथील मंडळींनीं कोणते प्रयत्न चालविले, याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा समाज म्हणजे हवाई बेटांतील मूळ रहिवासी. पॅसिफिक महासागरांत, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारें ४,००० किलोमीटर अंतरावर हीं बेटें आहेत. हजार वर्षांच्या सुमारास दक्षिणेकडील बेटांवरून, नक्षत्रांच्या अनुरोधानें होड्या हांकीत, या लोकांचे पूर्वज तेथें पोंचले. त्यांनीं बरोबर नारळ, केळीं, नीरफणस आणि मुख्य म्हणजे अळवाचे कोंब आणले. अळूं मूळचें आपल्या दक्षिण व आग्नेय आशियांतलें. तेव्हां हवाईंतील ‘कालो’ आणि आपल्या परसांतील अळूं हीं एकाच जातीचीं झाडें होत. तेथें पानेंहि खातात, परंतु मुख्य अन्न म्हणजे कंद. घशाला खाज सुटूं नये म्हणून आपण भाजींत चिंच किंवा आमसूल घालतों. ते लोक कंद पुष्कळ वेळ वाफेवर शिजवितात. नंतर लांकडी पाटावर दगडी बत्त्यानें तो कुटावयाचा व पाणी घालून लापशीसारखा करावयाचा. या पदार्थाला ‘पोई’ म्हणतात. एक-दोन दिवसांनीं ती आंबते, आणि आंबलेली पोई पुष्कळांना अधिक आवडते.

वडील बंधूची कथा अशी आहे कीं, आकाशपिता वाकेआ याचें एक अपत्य मृत जन्मलें. त्यास पुरलें त्या जागीं अळवाचें झाड उगवलें. पुढें झालेल्या दुसऱ्या मुलास त्या झाडाचेंच नांव, हालोआ, देण्यांत आलें आणि तो हवाई लोकांचा मूळ पुरुष ठरला. थोरल्यानें धाकट्याला पोसावें आणि धाकट्यानें थोरल्याची निगा राखावी, असा हा संबंध आहे. त्यांच्या भाषेंतहि हें नातें मुरलेलें दिसतें. अळवाच्या गड्ड्याला जें पिल्लूं फुटतें त्यास ‘ओहा’ म्हणतात, आणि कुटुंबाला शब्द आहे ‘ओहाना’. गोड्या पाण्याला ‘वाय’ म्हणतात, आणि संपत्तीला ‘वायवाय’. ज्यांच्या भाषेंत पाण्यावरून धनाला नांव पडलें, त्यांच्या घरीं पाणी बंद झालें म्हणजे काय होईल याची कल्पना वाचकांस करतां येईल.

अळवाचीं शेतें आपल्या भातखाचरांसारखींच असत. डोंगरांतून येणाऱ्या ओढ्याचें पाणी पाटानें एका खाचरांतून दुसऱ्या खाचरांत खेळवीत शेवटीं पुन्हां ओढ्याला मिळवावयाचें, अशी ती व्यवस्था होती. १७७८ सालीं कॅप्टन कुक तेथें गेला आणि त्यानंतर परदेशांतून आलेल्या रोगांनीं वस्तीची भयंकर हानि केली. १८९० च्या खानेसुमारींत शुद्ध व मिश्र मिळून मूळ हवाई लोक अवघे ४०,००० च्या आसपास भरले. १८४८ सालीं जमिनीची नवी वांटणी सुरू झाली. तींत सामान्य रयतेच्या हातीं एकंदर जमिनीचा शंभरावा हिस्साहि आला नाहीं. १८९३ सालीं राणी लीलीउओकलानी हिला पदच्युत करण्यांत आलें आणि १८९८ सालीं अमेरिकेनें हीं बेटें आपल्या राज्यास जोडलीं. या कृत्याबद्दल अमेरिकेच्या काँग्रेसनें १९९३ सालीं, म्हणजे शंभर वर्षांनीं, क्षमा मागितली.

राज्य गेलें हें इतिहासांत नमूद होतें, परंतु ताटांतलें अन्न केव्हां गेलें याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. तें पाण्याबरोबर गेलें. उंसाला पाणी फार लागतें. साखरेच्या कंपन्यांनीं बोगदे खणून व पाट बांधून ओढेच्या ओढे आपल्या मळ्यांकडे वळविले. खालचीं अळवाचीं खाचरें कोरडीं पडलीं, आणि ज्यांचीं तीं होतीं ते लोक मजुरीसाठीं शहरांकडे गेले. मळ्यांवर कामाला आणलेल्या चिनी व जपानी मजुरांबरोबर पांढरा तांदूळ आला. दुसऱ्या महायुद्धांत लष्कराबरोबर डब्यांतलें खारवलेलें मांस आलें. दोन्ही स्वस्त, टिकाऊ आणि दुकानांत केव्हांहि मिळणारीं. आज त्या बेटांवर खाल्ल्या जाणाऱ्या अन्नाचा फार मोठा हिस्सा जहाजांतून येतो. याचा परिणाम शरीरावर झाल्यावांचून कसा राहील? मेद, मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांनीं मूळ हवाई लोकांस इतर रहिवाशांपेक्षां अधिक ग्रासलें, आणि तेहि लहान वयांत.

ओआहू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर वायानाए नांवाचा भाग आहे. तेथें पाऊस थोडा, ऊन कडक. १८७८ सालीं तेथें साखरेचा मळा सुरू झाला आणि दरींतलें पाणी तिकडे गेलें. पुढें १९२१ च्या कायद्यानें मूळ हवाई लोकांना घरांसाठीं ज्या जमिनी राखून ठेवण्यांत आल्या, त्यांपैकीं कांहीं याच कोरड्या किनाऱ्यावर आहेत. साहजिकच त्यांची वस्ती तेथें दाट आहे. १९७२ सालीं या लोकवस्तीसाठीं एक आरोग्यकेंद्र निघालें. रोग्यांस जो उपदेश सर्वत्र केला जातो तोच येथेंहि होई: हें खाऊं नका, तें वर्ज्य करा, वजन कमी करा. उपदेश खरा असे, परंतु त्याचा उपयोग होत नसे.

१९८९ सालीं या केंद्रांतील डॉ. टेरी शिंतानी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळा मार्ग धरला. ज्यांस हृदयविकाराचा धोका होता असे २० हवाई स्त्रीपुरुष त्यांनीं निवडले आणि २१ दिवस त्यांना त्यांच्या पूर्वजांचें अन्न वाढलें. पोई, अळकुड्या, रताळीं, कोनफळें, नीरफणस, अळवाचीं पानें, नेच्याचे कोंब, समुद्रशैवाल व फळें हीं हवीं तितकीं. मासे व कोंबडी मात्र बेतानें. सर्व कांहीं कच्चें किंवा वाफवलेलें. यांतील विशेष हा कीं, उपाशी राहा असें कोणासच सांगण्यांत आलें नाहीं. पोटभर खा, असें सांगण्यांत आलें. मंडळी एकत्र जेवीत, आणि त्याच वेळीं आरोग्याच्या माहितीबरोबर आपल्या पूर्वजांच्या चालीरीतींची माहितीहि ऐकत.

याचे आंकडे १९९१ सालीं अमेरिकेंतील आहारशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. या अन्नांत शेंकडा ७८ उष्मांक पिष्टमय पदार्थांपासून, १५ प्रथिनांपासून आणि अवघे ७ स्निग्ध पदार्थांपासून मिळत. पोटभर जेवूनहि प्रत्येकाच्या पोटांत जाणारे उष्मांक दिवसाला सरासरी २,५९४ वरून १,५६९ वर आले, कारण कंद व पालेभाज्या यांनीं पोट लवकर भरतें. तीन आठवड्यांत सरासरी ७.८ किलो वजन उतरलें, रक्तांतील कोलेस्टेरॉल शेंकडा १४ नें घटलें, रक्तांतील साखर व रक्तदाब हीं दोन्ही खालीं आलीं. 

आम्ही हे आंकडे प्रथम वाचले तेव्हां आमचें लक्ष अर्थातच कंदाच्या गुणांकडे गेलें. परंतु थोडा विचार करतां असें दिसून आलें कीं, येथें कंदाइतकेंच काम दुसऱ्या एका गोष्टीनें केलें आहे. ज्या अन्नाला परक्यांनीं शंभर वर्षें हलकें म्हटलें, तेंच उत्तम आहे असें सांगणारा वैद्य या लोकांस प्रथमच भेटला. पथ्य म्हटलें कीं, मनुष्याला आपण अपराधी आहों असें वाटूं लागतें. येथें तसें झालें नाहीं. तुमच्या आजीनें जें वाढलें असतें तें खा, असा हा आदेश होता. आणि आजीचें वाढलेलें पान नाकारणें कोणालाहि कठीण जातें.

तथापि एकविसावा दिवस संपल्यावर बाविसावा उजाडतो, ही अडचण उरतेच. केंद्रांतील पंगत उठली म्हणजे मनुष्य पुन्हां आपल्या घरीं आणि दुकानाच्या दारांत येतो. तेथें तांदूळ स्वस्त आणि पोई महाग. अळूं पिकवावें तर जमीन पाहिजे, आणि जमीन मिळाली तरी पाणी पाहिजे. म्हणून आमच्या मतें या चळवळीचा खरा कस तिच्या पुढच्या टप्प्यांत लागला.

त्या टप्प्याचा आरंभ कांहीं वर्षें आधींच झाला होता. १९७० नंतरच्या दशकांत, वायानाएच्या दरींत झाडाझुडपांखालीं कांहीं तरुणांना जुने दगडी बांध दिसले. तीं त्यांच्या पूर्वजांचीं अळवाचीं खाचरें होतीं. एरिक इनोस व त्यांच्या सोबत्यांनीं वरच्या ओढ्यापासून नळ टाकून पाणी खालीं आणलें, बांध सांवरले आणि पुन्हां अळूं लावलें. ‘काअला’ नांवाच्या या शेतावर पुढें हजारों शाळकरी मुलें चिखलांत उतरून लावणी शिकलीं. नव्या शतकाच्या आरंभीं त्याच भागांत ‘माओ’ नांवाचें शेत निघालें. तेथें तरुण मुलेंमुली भाजीपाला पिकवितात आणि त्या कामाच्या मोबदल्यांत त्यांच्या कॉलेजच्या शिक्षणास साहाय्य मिळतें.

पाण्याचा तंटा न्यायालयांतहि गेला. ओआहूच्या पूर्व बाजूचे ओढे १९१६ पासून वायाहोले नांवाच्या पाटानें डोंगरापलीकडच्या उंसाकडे नेण्यांत येत होते. उंसाचा मळा बंद होण्याची वेळ आली तेव्हां, आमचें पाणी आमच्या ओढ्यांत सोडा, अशी मागणी तेथील अळूं पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनीं केली. २००० सालीं हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, पाणी हें सर्व जनतेची ठेव आहे व सरकार तिचें विश्वस्त आहे. त्या एका निकालानें सर्व ओढे भरले असें नव्हे. परंतु हक्क कोणाचा, हें तरी स्पष्ट झालें.

आणखी एक लहानसा प्रसंग येथें नमूद करण्याजोगा आहे. लांकडी पाटावर दगडी बत्त्यानें कुटलेला अळवाचा गोळा विकण्यास आरोग्याचे नियम आड येत. पोलादी यंत्रांतून निघालेली पोई मात्र विकतां येई. जें अन्न खाऊन त्या लोकांच्या अनेक पिढ्या निरोगी राहिल्या, तेंच आरोग्याच्या नांवानें बाजारांतून बाद झालें होतें. लोकांनीं खटपट केली, आणि २०११ सालीं कायदा होऊन कांहीं अटींवर हाताच्या पोईला परवानगी मिळाली. ज्या घरांत पाटा-वरवंटा अजून जपून ठेवला आहे, तेथील आमच्या भगिनींना या विजयाचें मोल निराळें सांगावयास नको.

यावर कोणी म्हणेल कीं, जुनें तें सर्व सोनें असें मानणें धोक्याचें आहे. आम्हांसहि तें मान्य आहे. परंतु वायानाएच्या मंडळींनीं जुन्याची आंधळी पूजा केली नाहीं. त्यांनीं रक्त तपासलें, वजनें केलीं, आंकडे शास्त्रज्ञांपुढें ठेवले, आणि मगच आजीचें अन्न उत्तम ठरविलें. परंपरेला शास्त्राची कसोटी लावण्यास ते भ्याले नाहींत, आणि शास्त्राला परंपरेच्या पंक्तीस बसविण्यास लाजलेहि नाहींत.

आमच्यासारख्या सुशिक्षित गृहस्थांनीं यांतून घेण्यासारखा एक बोध आहे, आणि तो थोडा बोंचणारा आहे. घरीं कामाला येणाऱ्या बाईस, मुलांना दूध देत जा, फळें देत जा, असा उपदेश आपल्यांतील बहुतेकांनीं केव्हां ना केव्हां केलेला असतो. तीं आणावयाचीं कोठून, हें मात्र आपण क्वचितच विचारतों. आणि तिच्या गांवीं तिची आई काय शिजवीत असे, हें तर कधींच विचारीत नाहीं. कदाचित् त्या चुलीवर आपल्या पथ्यापेक्षां चांगलें पथ्य शिजत असेल, आणि तें कोणत्या पाण्याबरोबर वाहून गेलें हें तिला ठाऊकहि असेल. एखाद्या समाजानें काय खावें हें सांगण्यापूर्वीं, तो पूर्वीं काय खात असे आणि तें त्याच्यापासून कोणीं नेलें, एवढे दोन प्रश्न विचारावे, हें वायानाएच्या लोकांचें जगाला सांगणें आहे.

येत्या पंक्तींत अळवाची भाजी पानांत पडेल तेव्हां वाचकांनीं दूरच्या त्या बेटांचें क्षणभर स्मरण करावें. आपल्या परसांत तें मोरीच्या पाण्यावरहि वाढतें. तेथें त्यासाठीं एका समाजाला न्यायालयाची पायरी चढावी लागली.