माळरानावरील क्षेत्रशिबिरे आणि वाहनाचे चाक
(बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात)

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे दोन तालुके होत. उत्तरेस भीमा व दक्षिणेस नीरा या नद्या वाहतात आणि नीरा नरसिंहपूर येथे त्यांचा संगम होतो. हा सर्व टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे वर्षाकाठी सरासरीने ५०० मि.मी.च्या आसपासच पाऊस पडतो. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा झाला, तेव्हापासून पाटाखालची काळी जमीन आणि पाट न पोचलेला मुरमाड माळ असे या भागाचे दोन विभाग स्पष्टपणे वेगळे पडले. पहिल्यात ऊस आला. दुसऱ्यात कुसळी गवत, बोर, हिवर आणि बाभूळ ही जुनी वनश्री टिकून राहिली.

अभ्यासकांची शिबिरे बहुधा या दुसऱ्या विभागात भरतात. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य, शिर्सुफळ व कडबनवाडी येथील गवताळ माळ आणि भिगवणच्या परिसरातील उजनी जलाशयाचा काठ ही स्थळे वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व भूगोल या विषयांच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. शिबिराच्या सिद्धतेत नकाशे, दुर्बिणी, तंबू व शिधा यांचा विचार काळजीपूर्वक केला जातो. ज्या वाहनातून हे सर्व नेले जाते त्याच्या चाकांकडे मात्र पंक्चर होईपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः ज्या घटकांचा अभ्यास करण्यासाठी विद्यार्थी माळावर जातो, ती वनस्पती, ती मृदा आणि तेच तापमान चाकावर सतत कार्य करीत असतात. त्यांचे हे कार्य समजून घेतल्यास अडचणीचा उपाय तर सापडतोच. परंतु खरा धोका कोठे आहे, याविषयीची सामान्य समजूतही बदलावी लागते.

१. भार कोण वाहतो?

वाहनाचा भार टायरचे रबर वाहते, अशी सर्वसाधारण कल्पना असते. ती बरोबर नाही. मुख्य भार कोंडलेली हवा वाहते. रबर व त्यातील धाग्यांचे थर यांचे काम त्या हवेला आकारात धरून ठेवण्याचे आहे. १६०० कि.ग्रॅ. वजनाच्या जीपगाडीच्या प्रत्येक चाकावर ४०० कि.ग्रॅ. भार येतो असे समजू. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ कि.ग्रॅ., म्हणजे व्यवहारातल्या भाषेत सुमारे २८ पौंड असेल, तर जमिनीला टेकलेला पृष्ठभाग २०० चौ.सें.मी.च्या जवळपास असतो. दाब निम्मा झाला की तो पृष्ठभाग दुपटीच्या जवळ जातो. चाक बसते आणि त्याच्या कडेच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात.

या वाकण्यातच अनर्थाचे मूळ आहे. रबर वाकताना जी ऊर्जा घेते, ती सर्व सरळ होताना परत देत नाही. तिचा काही अंश उष्णतेच्या रूपाने आतच राहतो. रबर उष्णतेचे मंदवाहक असल्यामुळे ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही. वेग जितका अधिक, तितक्या दर मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या अधिक आणि साठणारी उष्णताही अधिक. शेवटी थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि टायर फुटतो. टायर फुटण्याचे कारण पुष्कळ वेळा जास्त हवा हे सांगितले जाते; प्रत्यक्षात कमी हवा हेच कारण अधिक वेळा असते.

दाब मोजण्याची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी २० अंश सेल्सिअस तापमानात २ कि.ग्रॅ. दाब भरलेला टायर दुपारच्या प्रवासात ५० अंशांपर्यंत तापला, तर वायूंच्या नियमानुसार त्यातील दाब सुमारे २.३ कि.ग्रॅ. होतो. ही वाढ स्वाभाविक असून टायर तयार करताना ती गृहीत धरलेली असते. तापलेल्या टायरमधून हवा सोडणारा चालक दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेच्या टायरवर निघतो. म्हणून दाब सकाळी, गाडी हलविण्यापूर्वी मोजावा.

२. काट्याचे कार्य

बाभळीचे काटे जोडीजोडीने येतात. ते सरळ, पांढुरके व टणक असून पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात. हिवराचे काटेही सरळच असतात. शेताच्या वाटा बंद करण्यासाठी आणि कुंपणासाठी तोडलेल्या काटेरी फांद्या वाऱ्याने वा जनावरांच्या पायांनी गाडीवाटेवर येऊन पडतात. वाळलेला काटा ओल्या काट्यापेक्षा ताठ असल्यामुळे अधिक घातक ठरतो. मेंढरांमागे माळ तुडविणारे धनगर जाड तळाच्या वहाणा वापरतात, ते याच कारणाने.

खिळा आणि काटा यांत एक महत्त्वाचा भेद आहे. खिळ्याचे डोके बाहेर दिसते. काटा मात्र रबरात शिरून पृष्ठभागाशी तुटतो आणि बाहेर काहीच खूण उरत नाही. ट्यूब असलेल्या टायरमध्ये त्याचे टोक ट्यूबला घासत राहून एकाऐवजी अनेक छिद्रे पाडते. ट्यूबलेस टायरमध्ये तोच काटा बुचाचे काम करतो आणि हवा दिवसभरात थोडी थोडी गळते. माळावर गाडी ताशी दहा-पंधरा कि.मी. वेगाने, खाचखळग्यांतून चालत असल्यामुळे चाकातील हा बदल चालकाला जाणवत नाही.

यावरून निघणारा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. माळावर पूर्णपणे बसलेले चाक गैरसोयीचे असते, पण घातक नसते. गाडी थांबते, एवढेच. अर्धी हवा गेलेले चाक घेऊन शिबिराची गाडी पुणे-सोलापूर महामार्गाला लागते आणि परतण्याच्या घाईत ताशी ऐंशी कि.मी. वेगाने धावू लागते, तेव्हा खरे संकट उभे राहते. काटा माळावर बोचतो. अपघात हमरस्त्यावर होतो. शिबिर संपवून डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी गाडी उभी करून सर्व चाकांचा दाब मापकाने तपासणे, हा या सर्व विवेचनातील सर्वांत महत्त्वाचा नियम होय. त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत.

३. गाडी कोठे उचलावी?

चाक बदलताना होणाऱ्या दुखापतींचे प्रमुख कारण जॅक घसरणे किंवा रुतणे हे आहे. येथे मृदेचा विचार करावा लागतो. मुरमाड माळ टणक असला तरी बहुधा उताराचा असतो. काळी जमीन सपाट असते, पण ओल असेपर्यंत भार सोसत नाही. उजनी जलाशयाचा काठ सर्वांत फसवा. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरते, तेव्हा गाळाची विस्तीर्ण जमीन उघडी पडते व तिच्यात गाळपेर होते. हा गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसला तरी खाली मऊच असतो.

जॅकवर ६०० कि.ग्रॅ. भार आला आणि त्याचा तळ १०० चौ.सें.मी. असला, तर जमिनीवर दर चौ.सें.मी.ला ६ कि.ग्रॅ. दाब पडतो. तोच जॅक ३० सें.मी. लांबी-रुंदीच्या जाड लाकडी फळीवर ठेवला, तर हा दाब पाऊण किलोग्रॅमच्याही खाली येतो. अशी एक फळी प्रत्येक शिबिराच्या सामानात असावी. जवळ टणक जागा असेल, तर बसलेल्या चाकावरच गाडी अत्यंत सावकाश तेथवर न्यावी. टायर खराब होण्याचा संभव असतो, परंतु गाडीखाली हात सापडण्यापेक्षा तो तोटा पुष्कळ लहान आहे.

४. दुरुस्तीचा क्रम

प्रथम सर्वांना खाली उतरवावे, हातब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि कर्णरेषेतील समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत. उचललेल्या गाडीवर जोर लावल्यास ती जॅकवरून निसटते. गाडी उचलल्यावर स्टेपनी तिच्या सांगाड्याखाली आडवी सरकवून ठेवावी, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी तिच्यावर टेकते. जुने चाक निघताच ते तिच्या जागी सरकवावे व स्टेपनी चढवावी. नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत आणि सुमारे ५० कि.मी. प्रवासानंतर पुन्हा आवळून पाहावेत.

‘स्टेपनी’ हा मराठीत रुळलेला शब्द मूळचा वेल्समधील लनेली या गावच्या एका रस्त्याच्या नावावरून आला आहे. तेथे १९०४ च्या सुमारास पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून जोडण्याचे जादा चाक तयार होऊ लागले. पुढे ते चाक नाहीसे झाले. नाव भारतात राहिले. आज काही वाहनांत लहान आकाराची तात्पुरती स्टेपनी असते, तर काहींत ती मुळीच नसते. निघण्यापूर्वी ती आहे की नाही, आणि असल्यास तिच्यात हवा आहे की नाही, हे पाहावे.

दुसरे चाक बसले की स्टेपनीचा आधार संपतो व पंक्चर जागेवरच काढावे लागते. ट्यूबचे छिद्र शोधण्यासाठी पाण्यात बुडविण्याची रीत आहे. परंतु शिबिरात पाणी जपावे लागते. ट्यूब फुगवून ओल्या गालाजवळून फिरविली, तर निसटणारी हवा जाणवते. छिद्राभोवतीचा भाग घासून खरबरीत करावा, सोल्युशन लावून ते ओलसर न राहीपर्यंत थांबावे आणि मग पॅच दाबून बसवावा. सोल्युशन ओले असतानाच पॅच चिकटविल्यास तो सुटतो. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून सुती फडके फिरवावे. तुटलेल्या काट्याला त्याचे धागे अडकतात. हा काटा आत राहिला, तर नवी ट्यूबही त्याच दिवशी पंक्चर होते.

ट्यूबलेस टायरमध्ये सर्व साहित्य हाताशी येईपर्यंत काटा उपटू नये. नंतर छिद्र टोच्याने साफ करून चिकट रबर लावलेली दोरी त्यात ठासावी व दाब भरावा. टायरची कड रिंगेवरून सुटली असेल, तर हातपंपाने ती पुन्हा बसत नाही. त्यास कॉम्प्रेसर लागतो. तसेच टायरच्या भिंतीला पडलेली चीर जागेवर दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नये. वाकण्याचा सर्व ताण तेथेच येत असल्यामुळे कोणतीही डागडुजी टिकत नाही. अशा वेळी सर्वांनी गाडीपाशी राहावे आणि दोघांनी पाणी बरोबर घेऊन, दिवसाउजेडी, माहीत असलेल्या वाटेने जवळच्या गावी जावे.

५. माळाची बाजू

काटेरी वाट टाळण्यासाठी गाडी गवतात घालण्याचा मोह होतो. तो दोन्ही पक्षी हानिकारक आहे. गवताखालचे दगड व तुटलेले बुंधे दिसत नाहीत आणि टायरची भिंत चिरण्याचे प्रसंग अशाच वेळी येतात. दुसरीकडे, माळटिटवी, धाविक व चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. त्यांची अंडी मातीच्या रंगाशी इतकी मिळतीजुळती असतात की ती चाकाखाली गेलेलीही कळत नाहीत. पाणी कमी असलेल्या मुरमाड जमिनीवर चाकोरी पडली, की तेथे गवत लवकर उगवत नाही आणि पुढच्या पावसात तिचीच घळ होऊ लागते. पावसाळ्यानंतर वाळलेल्या उंच गवतात गाडी उभी केल्यास तापलेल्या धुराड्यामुळे वणवा लागण्याचा संभवही असतो. अभयारण्यात तर ठरलेला मार्ग सोडण्यास परवानगीच नाही. म्हणून वाटेवरच थांबावे, वाटेवरच चाक बदलावे आणि काढलेले काटे वाटेवर न टाकता बरोबर न्यावेत; मागून येणाऱ्या सायकलस्वारासही चाके असतात.

क्षेत्राभ्यासाच्या नोंदवहीत तापमान, मृदा व वनस्पती यांच्या नोंदी रोज सकाळी होतात. त्याच पानावर चार चाकांच्या व स्टेपनीच्या दाबाचे पाच आकडे लिहिण्याची प्रथा पडावी. ज्या चाकाचा आकडा रोज थोडा उतरत आहे, त्यात माळाचा काटा आहे, हे ती नोंदवही गाडी महामार्गाला लागण्यापूर्वीच सांगेल.