अंगावरचे रंग आणि दारावरची पाटी

माझा धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहतो. सुटीत त्याच्याकडे गेलो असता एका मद्यगृहाच्या दारावर ‘नो कलर्स’ अशी पाटी दिसली. मराठीच्या मास्तराचा पाय शब्दापाशी अडखळायचाच! त्यातून अमेरिकेचा इतिहास थोडाफार वाचलेला. पोटात गोळाच आला. भाऊ हसून म्हणाला, “दादा, हा कातडीचा रंग नव्हे. मोटारसायकलवाल्यांच्या जाकिटाचा.”

वाचकहो, तिकडे मोटारसायकल क्लबांचे सभासद बिनबाह्यांचे जाकीट घालतात. पाठीवर मधोमध क्लबचे चिन्ह, वर कमानदार पट्टीत क्लबचे नाव आणि खाली पुष्कळदा गावाचे किंवा प्रदेशाचे नाव. या सगळ्याला मिळून ‘कलर्स’ म्हणतात. वारकऱ्याला तुळशीची माळ, सैनिकाला बिल्ला, तसे यांना ते जाकीट. ते उतरव म्हणणे म्हणजे त्यांच्या लेखी अपमानच.

या मंडळींची धास्ती जुनी आहे. 1947 च्या जुलैत कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या लहानशा गावी शर्यतींसाठी मोटारसायकलस्वार लोटले आणि दारूच्या भरात दंगामस्ती झाली. ‘लाइफ’ साप्ताहिकाने बाटल्यांच्या राशीत गाडीवर बसलेल्या एका धटिंगणाचे छायाचित्र छापले. 1953 साली मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट आला आणि चामडी जाकीट म्हणजे गुंड हे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले.

हॉलिस्टरजवळच गिलरॉय नावाचे गाव आहे. तेथील लसूण प्रसिद्ध, आणि लसणाची जत्राही प्रसिद्ध. 2000 साली ‘टॉप हॅटर्स’ या क्लबचे काही सभासद रीतसर तिकिटे काढून जत्रेत गेले. त्यांच्या जाकिटावर पंख असलेली आणि उंच टोपी घातलेली कवटी होती. ‘जाकिटे काढा, नाहीतर बाहेर व्हा,’ असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. तिकिटाचे पैसे हातावर ठेवून त्यांना दाराबाहेर काढले. मौज अशी की, पोशाखाचा हा नियम कोठेही लिहिलेला नव्हता! प्रकरण वरच्या न्यायालयापर्यंत गेले. 2008 साली निकाल लागला तो असा : राज्यघटना सरकारला बांधते, जत्रा भरवणारी संस्था खासगी आहे, सबब घटनेचा आधार येथे मिळत नाही.

मग घटनेखेरीज दुसरा कायदा? 1964 च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले, खानावळी, नाट्यगृहे यांना वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश यांवरून माणसे नाकारण्यास मनाई केली. त्यात मोटारसायकलस्वार कोठून येणार? कॅलिफोर्नियाचा स्वतःचा 1959 चा कायदा मात्र अधिक उदार. 1970 साली लांब केसांच्या मित्राशी बोलत उभ्या राहिलेल्या एका माणसाला बाजारसंकुलातून घालवण्यात आले, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, लहर लागली म्हणून दुकानदाराने कुणालाही हाकलणे चालणार नाही. त्या आशेने ‘हेशियन्स’ नावाचा क्लब एका मद्यगृहाविरुद्ध न्यायालयात गेला. पण 2001 साली तोही हरला. बंदी माणसावर नाही, जाकिटावर आहे आणि मारामाऱ्या टाळण्यासाठी आहे, हे न्यायालयाला पटले.

आता मद्यगृहाच्या मालकाला एकदम दुष्ट ठरवू नये. टेक्ससमधील वेको गावी 17 मे 2015 रोजी एका उपाहारगृहात क्लबांची चकमक उडाली आणि नऊ माणसे ठार झाली. ज्याच्या पेढीवर असा प्रसंग येऊ शकतो, त्याने आधीच पाटी लावली तर त्याची भीती खोटी कशी म्हणावी?

परंतु त्याच घटनेची दुसरी बाजू पाहा. त्या दिवशी 177 जणांना अटक झाली. खटले रेंगाळले आणि 2019 पर्यंत सारे मागे घेतले गेले. एकालाही शिक्षा झाली नाही. जाकीट पाहून माणूस पारखला की असे होते. वास्तविक 1974 साली मेन राज्यात ‘ब्लू नाइट्स’ हा क्लब निघाला तो पोलिसांचाच! ‘नो कलर्स’ची पाटी अक्षरशः पाळली, तर या पोलिसांनाही जाकीट घालून आत जाता येणार नाही. 2011 साली वॉशिंग्टन राज्याने केवळ मोटारसायकलस्वार दिसतो म्हणून पोलिसांनी कुणाला अडवू नये असा कायदा केला. तो अर्थात पोलिसांपुरता; दुकानाच्या दाराला तो लागू नाही.

आपल्याकडे हे अगदीच परके नाही. 2014 साली चेन्नईतील एका क्लबने वेष्टी नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाच दारात अडवले, आणि त्याच वर्षी तमिळनाडूने तशा बंदीविरुद्ध कायदा केला. आपल्या घटनेचे पंधरावे कलम दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव सर्वांना खुले करते. पण धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांपुरते. पोशाखाचा उल्लेख त्यात नाही.

जन्म आणि जाकीट यांत फरक आहेच. महाडच्या तळ्यावर 1927 साली ज्यांना पाणी नाकारले, त्यांना जात खुंटीवर टांगून येता येत नव्हते. जाकीट टांगता येते. म्हणून मोटारसायकलस्वारांनी आपले गाऱ्हाणे त्या पंक्तीला बसवू नये असे मला वाटते. पण ते गाऱ्हाणे लहान असले तरी खोटे नव्हे. ज्याने कुणाला धक्काही मारला नाही, पदरचे पैसे मोजले, त्याला बायकामुलांदेखत बाहेर काढणे ही गोष्ट कायद्यात बसली तरी मनाला बोचतेच.

मालकाने नियम करावा. मात्र तो लिहून दारावर लावावा, आत आल्यावर शोधून काढू नये. तो सर्वांना सारखा असावा. पोलिसाला सूट आणि सुताराला मज्जाव असे नको. आणि शक्य तेथे जाकिटापेक्षा वागणुकीकडे पाहावे. एवढे पथ्य पाळायला न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला दोन गोड शब्दांत नियम सांगितला, तर पुष्कळजण स्वतःहून जाकीट काढून हातावर घेतील.