सायकलवरून कोकण किनारा

परवा दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीची प्रतीक्षा करीत असता, सायकलीवरील बोजा न्याहाळून एका वृद्ध खलाशाने "कुठले हो तुम्ही?" असे पुसले आणि खाडीपलीकडील धोपाव्याच्या चढणीपासून पुढील मुक्कामापर्यंतचा सारा तपशील अनायासे हाती आला.

रेवस ते रेडी हा किनारामार्ग खाड्यांनी खंडित असल्यामुळे आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड येथे प्रवाशास सायकलीसह बोटीत चढावे लागते, आणि परिचय घडतात ते बहुधा या सक्तीच्या विश्रांतीतच.

रात्रीच्या मुक्कामाविषयी सांगावयाचे तर, देवळात राहावयाचे असल्यास दिवस मावळण्यापूर्वी गावात पोहोचून, प्रथम आपले नावगाव सांगून, पुजारी किंवा सरपंच यांची परवानगी घ्यावी.

मार्ग, चढण, सामान यांविषयी शंका असल्यास निःसंकोच विचाराव्यात.